अण्णांच्या नावाने दाबलेला वाय

कळफलकावरचा वाय दाबायच्या आधी अण्णा चष्मा कपाळावर सरकवायचे. जवळचं त्यांना बिनचष्म्याचंच नीट दिसायचं. पडद्यावर प्रश्न उमटला की मान पुढे करून, ओठ हलवत, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तो वाचायचा, मग उजव्या हाताचं बोट वायवर नेऊन क्षणभर थांबायचं आणि मगच दाबायचं. रोज रात्री तेच प्रश्न, त्याच क्रमाने. शेजारी बसून मला राहवायचं नाही. एकदा विचारलंच, "अण्णा, पाठ आहे की तुम्हाला सगळं. वाचता कशाला?"

"काल विचारलेलं तेच आज विचारायलाय का, ते बघतोय," अण्णा म्हणाले.

त्या वेळी ते उत्तर माझ्या डोक्यावरून गेलं.

साल २०००. सोलापुरातली एक नागरी सहकारी बँक, नवी पेठेपासून चालत पाच मिनिटांवर. मुख्य शाखेच्या वरच्या मजल्यावर संगणक विभाग, म्हणजे एक खोली, एक एसी, युनिक्सचा एक सर्व्हर आणि आम्ही दोघं. अण्णा जुने कारकून. खातेवह्या हाताने लिहिल्या जायच्या तेव्हापासूनचे. कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी त्यांना वर पाठवलं, कारण त्यांचा ताळेबंद कधी चुकत नसे. मी पॉलिटेक्निकमधून नुकता बाहेर पडलेला.

दिवसाचं कामकाज संपलं की बँकेला 'डे-एन्ड' करावा लागतो. दिवसभराचे व्यवहार खात्यांवर चढवायचे, रोकड जुळली का पाहायचं, व्याज लावायचं, तेरजा म्हणजे बेरजांचे गोषवारे छापायचे, टेपवर बॅकअप घ्यायचा आणि यंत्रातली तारीख उद्याची करायची. आमचा प्रोग्रॅम यातल्या प्रत्येक पायरीवर थांबून प्रश्न विचारायचा. प्रिंटरला कागद लावला? टेप घातली? शाखांच्या फाइल आल्या? तारीख पुढे न्यायची? प्रश्न इंग्रजीत आणि उत्तर एका अक्षराचं, वाय किंवा एन, म्हणजे हो किंवा नाही. दोन प्रश्नांच्या मध्ये कधी पाच मिनिटं जायची, कधी चाळीस. त्यामुळे उठून जाता येत नसे. साडेआठला बसलेले अण्णा अकरा-साडेअकराला उठायचे आणि सायकलने भवानी पेठेत घरी जायचे. घरी पोचेपर्यंत नातवंडं झोपलेली.

मला ते बघवत नव्हतं. हे मी आजही तितक्याच खरेपणाने सांगतो. पुढे जे झालं त्याचं मूळ आळसात नव्हतं. अण्णांनी नऊला घरी जावं, एवढंच मला हवं होतं.

अडचण अशी की प्रोग्रॅम आमचा नव्हता. त्याचा सोर्स कोड, म्हणजे ज्यात बदल करता येतो ते मूळ लिखाण, बनवणाऱ्याकडे. प्रश्न काढून टाका म्हटलं तर प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे, आणि बँकेची तयारी नाही. उत्तरं एका फाइलमध्ये लिहून ती प्रोग्रॅमच्या तोंडाशी द्यावी, तर तो ती घेत नसे. तो थेट टर्मिनलकडे बघायचा, की समोर कळफलक आणि त्यावर माणूस आहे का. असे प्रोग्रॅम जगात सगळीकडे होते, आणि त्यांच्यासाठीच डॉन लिब्स नावाच्या माणसाने १९९० साली 'एक्स्पेक्ट' लिहिलं. हे लिब्स अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेत होते. जॉन औस्टरहाउट यांच्या टीसीएल या भाषेवर त्यांनी ते उभं केलं. युक्ती समजायला सोपी आहे. एक्स्पेक्ट प्रोग्रॅमसमोर एक नकली टर्मिनल उभं करतं. प्रोग्रॅमला वाटतं माणूस बसलाय. मग कामाचे शब्द तीनच. 'स्पॉन' म्हणजे प्रोग्रॅम सुरू कर, 'एक्स्पेक्ट' म्हणजे अमुक अक्षरं पडद्यावर येण्याची वाट बघ, 'सेंड' म्हणजे हे उत्तर टाइप कर. सोबत 'ऑटोएक्स्पेक्ट' नावाचं साधन मिळतं. ते चालू करून तुम्ही एकदा हाताने काम करा, ते पाहून ठेवतं आणि स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राने ओळीने करायच्या सूचनांची फाइल, आयती लिहून देतं.

मी एका रात्री ऑटोएक्स्पेक्ट चालू केलं आणि अण्णांना नेहमीसारखं काम करू दिलं. त्यांनी कुठे वाय दाबला, कुठे शाखेचा क्रमांक टाकला, सगळं फाइलमध्ये उतरलं. मधे ते उठून टेप बघून आले, मार्केट यार्ड शाखेला फोन लावून आले, प्रिंटरपाशी दोन मिनिटं उभे राहिले. त्यातलं काहीच फाइलमध्ये उतरलं नाही. उतरणार कसं? त्या वेळात कुठली कळ दाबली गेलीच नव्हती.

स्क्रिप्ट लांबलचक झाली होती, म्हणून मी ती आवरली. प्रत्येक प्रश्नाचं पूर्ण वाक्य तपासण्याऐवजी शेवटचं 'वाय/एन' एवढंच दिसलं की वाय पाठवायचा. मला ती सफाई वाटली.

मग ती घड्याळाला जुंपायची. युनिक्समध्ये त्यासाठी 'क्रॉन' असतो. नाव ग्रीक 'क्रोनोस'वरून, म्हणजे काळ. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता. एका ओळीत पाच रकाने. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पुढे कोणतं काम करायचं ते. मी लिहिलं ३०, २०, तारा, तारा, १ ते ६. ताऱ्याची खूण म्हणजे कोणतीही तारीख, कोणताही महिना. सोमवार ते शनिवार, रात्री साडेआठ. सोलापूरकराला हे समजावून सांगायला लागत नाही. आमचं अख्खं गाव कित्येक वर्षं मिलच्या भोंग्यावर उठलं, जेवलं, झोपलं. क्रॉन म्हणजे भोंगाच. भोंगा वाजतो, पण पाळीवर कोण आलं, कोण नाही, हे तो बघत नाही. त्या वेळी यंत्र बंद असेल तर ते काम राहून जातं, क्रॉन मागून भरपाई करत नाही. हे मला माहीत होतं, म्हणून मी अकराला दुसरी ओळ घातली. डे-एन्ड पुरा झाल्याची खूण दिसली नाही तर पुन्हा सुरू कर. आणि हे सगळं अण्णांच्या लॉगिनखाली, त्यांचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये जसाच्या तसा लिहून, कारण डे-एन्डचा अधिकार त्यांच्याच लॉगिनला होता.

जुलैपासून अण्णा नऊला घरी जायला लागले. दोन-अडीच महिने सुरळीत गेले.

३० सप्टेंबर २००० ला शनिवार होता. सहामाहीचा शेवट. त्या काळी बचत खात्यावर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या कमीत कमी शिल्लकेवर व्याज मोजायचे (रोजच्या शिल्लकेवर मोजणं १ एप्रिल २०१० पासून आलं) आणि आमच्याकडे ते सहामाहीला जमा व्हायचं. साडेआठला स्क्रिप्ट सुरू झाली, व्याज जमा झालं, आणि पुढच्या पायऱ्या चालू असताना लाइट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या, सर्व्हर बसला. वॉचमनने जनरेटर लावला, सर्व्हर उठला. अकराला माझी दुसरी ओळ जागी झाली. तिला खूण दिसली नाही. तिने डे-एन्ड पुन्हा सुरू केला.

प्रोग्रॅमने त्या रात्री एक नवा प्रश्न विचारला. या सहामाहीचं व्याज खात्यांवर आधीच जमा आहे, पुन्हा जमा करायचं? वाय/एन.

स्क्रिप्टने वाय पाठवला.

रविवार सुट्टी, सोमवारी गांधी जयंती. मंगळवारी सकाळी मिलमधून निवृत्त झालेले एक आजोबा खिडकीशी आले. हे आजोबा आपलं व्याज घरी पेन्सिलीने स्वतः काढून ठेवायचे. पासबुक छापून घेतलं, बाजूला उभं राहून वाचलं आणि परत रांगेत लागले. नंबर आल्यावर क्लार्कला म्हणाले, "बाई, हे दोनदा पडलंय. एक काढून घ्या." शाखेतल्या सगळ्या बचत खात्यांवर तेच झालं होतं. काहींनी तोवर पैसे काढलेही होते. पुढचा आठवडा उलट नोंदी करण्यात गेला. लोकांना फोन, पत्रं, खिडकीवर वाद. क्लार्क बायकांनी काहीही चूक नसताना बोलणी खाल्ली.

पण मला त्याहून लागलं ते वेगळंच. प्रोग्रॅम प्रत्येक उत्तराची नोंद ठेवायचा. रात्री ११ वाजून १२ मिनिटं, प्रश्न अमुक, उत्तर वाय, देणारा: अण्णा. गुरुवारी त्यांच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिली.

अण्णांनी ती वाचली, घडी केली, खिशात ठेवली. मला काही बोलले नाहीत. मी साहेबांकडे जायला निघालो तर म्हणाले, "बस खाली. आधी काय झालंय ते नीट कळू दे."

ते कळलं अण्णांच्याच टपालातून. क्रॉनने चालवलेलं काम काही छापत असेल तर तो मजकूर ज्याच्या नावाने काम चाललं त्याला यंत्रातल्या यंत्रात मेल म्हणून पाठवतो. लॉगिन केल्यावर वर एक ओळ यायची, 'यू हॅव मेल'. अण्णांना ती काय आहे हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी स्वतः कधी उघडून पाहिली नव्हती. उघडली तर जुलैपासूनच्या प्रत्येक रात्रीचं पत्र त्यात पडलेलं. ३० सप्टेंबरच्या पत्रात तो प्रश्न होता, खाली वाय होता, आणि पाठवणारा क्रॉन. मी ते छापलं, स्क्रिप्ट छापली, दोन्ही घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो आणि हा वाय अण्णांचा नसून माझा आहे असं लिहून दिलं. नोटीस मागे घेतली गेली. मला समज मिळाली, ती योग्यच होती. नोटिसीची घडी मात्र अण्णांच्या खिशात कितीतरी दिवस होती. शर्ट बदलला की ते ती काढून नव्या शर्टात ठेवायचे.

त्या दिवसांत मला बाबांचा माग सारखा आठवायचा.

बाबा पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे एका चादरीच्या कारखान्यात विणकर होते. दोन यंत्रमाग एका माणसाकडे. दुपारी डबा घेऊन गेलो की त्या खडखडाटात माझं बोलणं मलाच ऐकू यायचं नाही. बाबा भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला लावता लावता मधेच उठायचे आणि मागच्या मागाचा दांडा ओढून तो थांबवायचे. मला कळायचंच नाही का. मग ते वाकून ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक तुटलेला धागा शोधायचे, बोटांना जरा थुंकी लावून गाठ मारायचे, माग पुन्हा चालू करून भाकरीकडे यायचे. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला तर तो माग आपोआप थांबायचा. कडेला एक छोटा काटा असतो, धागा नसला की तो खूण देतो. पण ताण्यात हजारो धागे. त्यातला एक तुटला तर त्या जुन्या मागाला पत्ता नसायचा. तो तसाच विणत राहायचा आणि चादरीवर लांबलचक उभी रेघ पडत जायची. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ च्या मागात ताण्याचा धागा तुटला तरी माग थांबेल अशी सोय केली. धाग्यागणिक धातूची एक पातळ पट्टी लोंबकळते. धागा तुटला की पट्टी पडते, माग थांबतो. बाबांच्या मागावर त्या पट्ट्या नव्हत्या. तिथे बाबांचा कान होता.

सोलापुरात कॉम्प्युटरचं नाव काढलं की कुणीतरी जॅकार्डच्या भोकांच्या पुठ्ठ्यांची गोष्ट सांगतंच. १८०४ चा जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणणारा माग, पुठ्ठ्यावर नक्षी, त्यावरून पुढे कॉम्प्युटरची पंच कार्ड. खरीच आहे ती, मला अभिमानही आहे. पण पुठ्ठा फक्त काय विणायचं ते सांगतो. कधी थांबायचं हे जॅकार्डच्या पेटीत नसतं, आणि माझ्या स्क्रिप्टमध्येही नव्हतं. उलट त्याहून वाईट होतं. एक्स्पेक्ट एखाद्या प्रश्नाची वाट बघतं ती वेगळं काही सांगितलं नसेल तर दहा सेकंद. तेवढ्यात प्रश्न आला नाही आणि अशा वेळी काय करायचं हे लिहिलेलं नसलं, तर ते गप्प पुढच्या ओळीवर जातं आणि पुढचं उत्तर पाठवतं. कुणी विचारलेलं नसताना हो म्हणणारं यंत्र मी अण्णांच्या खुर्चीत बसवलं होतं.

ऑक्टोबरात पुन्हा हाताने डे-एन्ड सुरू झाला. मी लाल कापडी बांधणीची एक वही आणली, चार रकाने आखले आणि अण्णांच्या शेजारी बसलो. प्रश्न, उत्तर, उत्तर देण्याआधी काय बघायचं, कुणाचं उत्तर. तीन आठवडे रोज रात्री. प्रत्येक वायपाशी मी विचारायचो, "आता काय बघितलंत?" सुरुवातीला अण्णांनाही सांगता येत नसे. "काय नाय बे, असंच." मग हळूहळू यायला लागलं. शाखांच्या फाइल आल्या का, या प्रश्नाला वाय देण्याआधी ते फाइलचा आकार बघत. मार्केट यार्ड शाखेत कांद्याच्या हंगामात व्यवहार तिप्पट. त्या दिवसांत फाइल लहान आली तर मोडेमवर, म्हणजे फोनच्या तारेवरून येताना, मधेच तुटलेली असणार. तेरीज छापताना प्रिंटरपाशी जायचे ते ऐकायला. बेरजेची ओळ आली की प्रिंटरचं डोकं मधली जागा सोडून एकदम उजवीकडे जातं, आवाज बदलतो. तो आवाज नेहमीच्या वेळेआधी आला तर पानं गळलीत. आणि टेप घातली का, या प्रश्नाला ते उठून टेपवरचा वार वाचायचे. हे लिहून घेताना माझ्या अंगाला घाम फुटला. टेप बदलायचं काम संध्याकाळी शिपायाकडे दिलं होतं. तो विसरला तरी माझी स्क्रिप्ट वायच म्हणत होती. म्हणजे किती रात्री एकाच टेपवर लिहिलं गेलं असेल, कोण जाणे. तेव्हा डिस्क गेली असती तर दुप्पट व्याज हा किरकोळ प्रश्न ठरला असता.

वही भरली तेव्हा त्रेचाळीस प्रश्न झाले होते. त्यातल्या एकोणतीस प्रश्नांसमोर अण्णांनी स्वतःच्या हाताने 'यंत्र' लिहिलं. चौदांसमोर 'मला विचारणे'.

स्क्रिप्ट मी नव्याने लिहिली. आता पूर्ण प्रश्न अक्षरन् अक्षर जुळला तरच उत्तर. प्रश्न वेळेत आला नाही तर थांबायचं. वहीत नसलेला प्रश्न आला तरी थांबायचं. घड्याळाकडे फक्त पहिली पायरी, पुढची प्रत्येक पायरी आधीचीचं काम तपासून. साहेबांची सही घेऊन स्क्रिप्टला स्वतंत्र लॉगिन काढलं, 'रात्र' नावाचं, आणि त्याला त्या एकोणतीस प्रश्नांपुरताच अधिकार मागितला. नोंदीत आता अण्णा असेल तर तो अण्णाच. चौदा प्रश्न असे लावले की ते बहुतेक सगळे नऊच्या आत यावेत. अण्णा नऊला उठायचे, सव्वानऊला घरी.

आणि रात्री स्क्रिप्ट थांबली तर? मोबाइल आमच्यापैकी कुणाकडे नव्हते. पण सर्व्हरला मोडेम होता. स्क्रिप्ट थांबली की मोडेमने साखर पेठेतल्या माझ्या घरचा फोन लावायचा. उचलला की कानात ती कर्कश शीळ यायची. आईला मी सांगून ठेवलं होतं, शिट्टी ऐकू आली तर मला उठव.

पुढे काही वर्षांनी पुण्यात नोकरी लागली. तिथे एएस/४०० होतं. आयबीएमने १९८८ च्या जूनमध्ये आणलेलं, हिरव्या अक्षरांचं, कारखान्यांचा नि वितरकांचा हिशोब वाहणारं भरवशाचं यंत्र. त्यात एखाद्या कामाला प्रश्न पडला की ते काम 'मेसेज वेट' अवस्थेत जाऊन बसतं आणि प्रश्न ऑपरेटरच्या रांगेत येतो. प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा क्रमांक, तीन अक्षरं आणि चार आकडे. ठरावीक क्रमांकांना ठरावीक उत्तर द्यायचं असेल तर यंत्रातच एक उत्तरांची यादी असते. या क्रमांकाला हे उत्तर, त्या क्रमांकाला ते. आणि उत्तराच्या जागी 'रिक्वायर्ड' असंही लिहिता येतं, म्हणजे इथे माणूसच हवा. कामाला त्या यादीकडे बघ असं मुद्दाम सांगावं लागतं. काहीच सांगितलं नाही तर ते माणसाचीच वाट बघतं. ती यादी पहिल्यांदा पडद्यावर उघडली तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो. रकाने जवळजवळ तेच होते. ही यंत्रं बनवणाऱ्या कुणाच्या तरी शेजारीही अण्णा बसलेले असणार.

पण मला सांगायचंय ते सोलापुरातलंच, वही भरल्यानंतरच्या जानेवारीचं. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, चालू होती. शोभेच्या दारूकामाची रात्र. अण्णांनी कित्येक वर्षांत ते पाहिलं नव्हतं, कारण ऐन वेळेला ते पडद्यासमोर असायचे. त्या दिवशी चौदा प्रश्न आटोपून ते नातवंडांना घेऊन होम मैदानावर गेले. जाताना मला सांगून गेले, पाळण्यांच्या बाजूच्या कोपऱ्यावर उभा असेन. मी घरी जेवायला बसलो होतो. सव्वानऊला फोन वाजला, आईने उचलला आणि रिसीव्हर लांब धरून माझ्याकडे बघितलं.

सायकल काढून बँकेत आलो. पडद्यावर न पाहिलेला प्रश्न होता. मार्केट यार्ड शाखेच्या फाइलमध्ये काही व्यवहारांवर उद्याची तारीख आढळली, तसंच पुढे जायचं? वाय/एन. कर्सर लुकलुकत होता. मला वाटलं, एन दाबावा. मग वाटलं, एन दाबला तर ते व्यवहार गळतील का? मी हात मागे घेतला, वॉचमनला पाळण्यांकडे पिटाळलं आणि वही उघडून प्रश्न उतरवून घेतला.

पंधरा-वीस मिनिटांनी जिन्यावर चपला वाजल्या. अण्णा आले, खांद्यावर धाकटी नात झोपलेली, केसांत मैदानाची धूळ. नातीला त्यांनी माझ्या मांडीवर दिलं. खुर्चीत बसले, चष्मा कपाळावर सरकवला, ओठ हलवत प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. बाहेर होम मैदानाच्या बाजूचं आभाळ हिरवं-लाल झालं, खिडकीची काच थरथरली, पोरगी दचकली आणि परत झोपली.

"हे नवीन विचारलंय," अण्णा म्हणाले. मग कळफलक बाजूला सरकवून त्यांनी फोन पुढे ओढला आणि मार्केट यार्ड शाखेच्या कॅशियरच्या घरचा नंबर फिरवायला लागले.